न्हाणीतली कळ

बाळंतिणीच्या अंघोळीत आमच्याकडे सगळं घर गुंतलेलं असे. सकाळी उजाडायच्या आत बाबा झावळ्या आणि करवंट्या घालून तांब्याचा बंब पेटवत. आई वाडीच्या कुंपणावरचा निर्गुडीचा पाला ओरबाडून आणायची आणि पाण्यात उकळायची. पाण्याची परीक्षा तिच्या हाताची होती. हात घातल्यावर तोंडातून आपोआप 'स्स' निघालं की पाणी झालं. त्याच्या अलीकडचं ते कोमट, आणि कोमट पाणी पाहुण्यांसाठी.

वसईकडच्या राजोडीच्या अलीकडे आमची वाडी आहे. समुद्राचा वारा तिथे पोचतो, आवाज पोचत नाही. केळी, पानवेली आणि सोनचाफ्याची झाडं, मधोमध विहीर आणि विहिरीला लागून घर. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. गावातल्या शाळेत शिकले, वसईच्या कॉलेजातून बी. ए. झाले, पुढे बी. एड. केलं आणि विरारच्या एका शाळेत मराठी शिकवू लागले. लग्नही विरारलाच झालं. नवरा साताऱ्याकडचा, अंधेरीला कारखान्यात नोकरीला. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. विरारला रोज एक नवी इमारत उभी राहत होती आणि आम्ही त्यातल्याच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. पण पहिलं बाळंतपण माहेरी करायचं यावर दोन्ही घरांचं एकमत होतं. थंडीचे दिवस होते. वसईच्या एका नर्सिंग होममध्ये मला मुलगी झाली, सगळं सुरळीत पार पडलं आणि मी बाळ घेऊन वाडीत आले.

मला न्हाऊ घालायला राजोडीहून मावशी यायची. ती कुणाचीच सख्खी मावशी नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. सकाळी बाळंतिणी न्हाऊ घालायची आणि नंतर टोपली घेऊन मासळी विकायची. हात असे की पाठीवरून फिरले की हाडं मोजून दिल्यासारखं वाटे. तेल चोळता चोळता तिचं तोंडही चालू असायचं.

"मास्तरीन झाली पन पाठ बग, खडूसारखी," ती म्हणायची. "जरा दाबली तर मोडल."

"मग दाबू नकोस ना, मावशी."

"न दाबून कसं व्हयल? माजं पानी आनि माजा हात, दोन्ही सोसलं पायजे. तुज्या आईनं सोसलं, तुज्या आज्जीनं सोसलं."

आई चुलीकडून ओरडायची, "तिला बोलण्यात गुंतवून कमी पाणी घालू नकोस हं. बंब भरलेला आहे."

डोक्यावरून पाणी घालायचं काम आईचं. मावशी अंग चोळणार आणि शेवटचे तांबे आई डोक्यावर ओतणार, अशी त्यांची वाटणी होती. मी पाटावर डोळे मिटून बसायचे. टाळूवर कढत पाणी पडायचं, मानेवरून पाठीवर उतरायचं, आणि आई दर तांब्याला काहीतरी पुटपुटायची. एकदा विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं. पाणी तुला लागू दे म्हणते." त्या पाण्यासारखी माया मला पुन्हा कशात सापडली नाही, हे आजही लिहिते.

त्याच पाण्याखाली एका सकाळी ती कळ आली.

डोकेदुखी मला ठाऊक होती. उन्हात चालल्यावर, वह्या तपासून झाल्यावर डोकं हळूहळू चढतं आणि झोपलं की उतरतं. ही तशी नव्हती. आईने तांब्या ओतला आणि पाणी मानेवर पोचायच्या आत कुणीतरी माझं डोकं नारळासारखं पायरीवर आपटलं. ही कळ वाढत गेली नाही. आली तीच पूर्ण आली. मी पाटावरून पुढे कोसळले. मावशीने काखेत हात घालून धरलं म्हणून कपाळ फुटलं नाही. उलटी झाली. उजेड नको झाला. तासाभराने ती कळ ओसरली आणि मागे एक बोथट ठणका राहिला.

"वारं शिरलं," मावशी म्हणाली.

"वारंच," आई म्हणाली. "काल संध्याकाळी कानाला न बांधता ओटीवर बसली होती. मी बघितलं."

हे निदान आमच्याकडे इतकं जुनं आहे की त्यावर कुणी वाद घालत नाही. बाळंतिणीचं अंग मोकळं झालेलं असतं, त्यात वारा शिरतो. उपायही ठरलेला. डोकं घट्ट बांधायचं, धुरी वाढवायची, पाणी आणखी कढत करायचं. आईने जुन्या पातळाची पट्टी फाडून माझं डोकं असं आवळलं की भुवया वर गेल्या. खाटेखाली शेगडी आली. तिच्यात ओवा, बाळंतशेपा, वावडिंग आणि लसणाची सालं. खोलीत धूर इतका दाटला की बाबा दारातूनच विचारायचे, "आहात ना आत दोघी?"

त्या धुराने माझं नाक चोंदलं. बाळाला पाजताना मला श्वास तोंडाने घ्यावा लागे आणि घसा कोरडा पडे. बाबांना ते बघवलं नाही. बाबा रोज सकाळी सायकलवर केळीची पानं आणि चाफ्याची फुलं घेऊन वसईच्या बाजारात जात. येताना नाक्यावरच्या मेडिकलमधून त्यांनी सर्दीच्या गोळ्यांची पट्टी आणली. एक गोळी घेतली की नाक अर्ध्या तासात मोकळं व्हायचं. बाबांना इतका आनंद झाला की पट्टी संपायच्या आत दुसरी खिशात तयार असायची. धुराने नाक बंद व्हायचं, गोळीने उघडायचं, पुन्हा शेगडी पेटायची. घरातला प्रत्येक जण माझ्यासाठी काही ना काही करत होता, आणि मी त्यातलं सगळं घेत होते.

दुसरी कळ शौचाला जोर करताना आली. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलंच नाही. तिसरी आली हसताना. मावशी आपल्या सुनेची नक्कल करत होती. फ्रिज नवा घेतला म्हणून सून पापलेटसुद्धा डब्यात घालून ठेवते आणि नवऱ्याला वाढायच्या वेळी डबा सापडत नाही, अशी काहीतरी कथा. मी खदखदून हसले आणि तोच नारळ पुन्हा पायरीवर आपटला.

मावशी घाबरली. "हसायचंपन नाय आता तू," ती म्हणाली. "आयला, कसलं वारं हाय हे!"

त्या दिवशी बाबा वसईच्या आमच्या डॉक्टरांना घेऊन आले. मी लहान असल्यापासून आमचं घर त्यांच्याकडे जात होतं. त्यांनी रक्तदाब मोजला, मान पुढे वाकवून बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली.

"दुखणं किती वेळात वाढलं?" त्यांनी विचारलं.

"वाढलं नाही, डॉक्टर. आलं तेव्हाच पूर्ण होतं."

त्यांनी बॅटरी खिशात टाकली. मग बाबांना म्हणाले, "हे असं दुखणं मला आवडत नाही. डोक्यात रक्तस्राव झाला तर असं होतं. तसं नसेलही. पण बघितल्याशिवाय मी हिला गोळी देऊन झोपवणार नाही."

भाड्याची व्हॅन करून आम्ही बोरिवलीला जाऊन स्कॅन काढून आलो. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, तरी चिठ्ठी लिहून दिलीच: मुंबईत मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, लवकर दाखवा. पुन्हा कळ आली तर घरी थांबू नका.

पण 'काही निघालं नाही' हे वाक्य आमच्या घरात 'काही नाही' असंच ऐकलं जातं. रक्तस्राव नाही म्हणजे डोकं चांगलं, आणि डोकं चांगलं म्हणजे वारंच, असा आईचा हिशोब. शिवाय बारसं दोन दिवसांवर आलं होतं. साताऱ्याची माणसं निघाली होती. पाळणा सजला होता. "बारसं होऊ दे," आई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मुंबईला जा, अमेरिकेला जा."

बारशाच्या सकाळी बाळंतीण डोक्यावरून न्हाली नाही, असं आमच्यात होतच नाही. बाबा म्हणाले, "आज राहू दे की पाणी." आई म्हणाली, "वर्षानुवर्षं बायका न्हातायत. तुम्ही फुलं बघा." मी मध्ये बोलले नाही. मलाही ते पाणी हवं होतं. डोक्यात ठणका होता, अंग आंबलं होतं आणि हवेत गारवा होता.

तांब्या ओतताना आईच्या तोंडातलं पुटपुटणं मी ऐकलं. त्यानंतर काही ऐकलं नाही.

जाग आली तेव्हा मी खाटेवर होते आणि आई बाळाला माझ्या कुशीत ठेवत होती. मी बाळाकडे बघितलं. मला त्याचा अर्धाच चेहरा दिसला. एक डोळा, अर्धं नाक, अर्धे ओठ, आणि पुढे काहीच नाही. काळोखही नाही. जणू तेवढंच बाळ जन्माला आलं होतं. मी मान फिरवली तर आईचाही अर्धाच चेहरा.

"आई," मी म्हटलं, "बाळाचं उरलेलं तोंड कुठे आहे?"

ते वाक्य आईला आयुष्यभर विसरता आलं नाही. ती हातातलं बाळ घट्ट धरून किंचाळली. बाबा धावत आले, नवरा धावत आला. ओटीवर पाहुण्या बायका पाळण्याची गाणी म्हणायच्या तयारीत बसल्या होत्या, त्या उठून दारात जमल्या. कुणीतरी म्हणालं, आधी नाव तरी ठेवून घ्या, मुहूर्त जातोय. बाबा एरवी बायकांच्या कामात बोलत नसत. ते म्हणाले, "नाव नंतर. बाळाची आई आधी."

मुंबईच्या ज्या हॉस्पिटलात मला नेलं तिथे मेंदूच्या डॉक्टर एक बाई होत्या. चाळिशीतल्या, केस आखूड, बोलणं सावकाश. त्यांनी आधी पाठीच्या मणक्यातून सुई घालून पाणी काढून तपासलं. त्यात रक्त नव्हतं. संध्याकाळपर्यंत माझी नजर हळूहळू भरली, अर्धे चेहरे पूर्ण झाले. पण डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण गेला नाही. त्यांनी मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढायला सांगितलं, आणि ते यायच्या आधी खुर्ची ओढून माझ्या खाटेजवळ बसल्या.

"प्रत्येक वेळी कळ आली तेव्हा नेमकं काय करत होतात? अगदी बारीकसारीक सांगा."

अंघोळ सांगितली. हसणं सांगितलं. मग लाजत दुसऱ्या कळेचंही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. उलट मान डोलावली, जणू मी वर्गात बरोबर उत्तर दिलं होतं.

"अंघोळ म्हणजे कशी?"

मी न्हाणीचं सगळं वर्णन केलं. बाबा खाटेच्या पायथ्याशी उभे राहून ऐकत होते.

"आणि गोळ्या? घरी काही घेत होतात का? सर्दीसाठी, नाकासाठी?"

बाबा तत्परतेने पुढे आले. त्यांनी शर्टाच्या खिशातून पट्टी काढली आणि डॉक्टरबाईंच्या हातात ठेवली. "ही, डॉक्टरसाहेब. फार चांगली गोळी आहे. लगेच नाक सुटतं." आपण उपयोगी पडलो याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं.

डॉक्टरबाईंनी पट्टी उलटी करून वाचली. "बाबा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नाक सुटतं, कारण ही गोळी नाकातल्या रक्तवाहिन्या आवळते. ती फक्त नाकातल्या आवळून थांबत नाही."

बाबांचा हात तसाच पुढे राहिला.

चित्र आलं. डॉक्टरबाईंनी ते उजेडाच्या काचेवर लावलं आणि आम्हाला बोलावलं. मेंदूतल्या नसा झाडाच्या फांद्यांसारख्या पसरल्या होत्या. पण त्या सरळ नव्हत्या. मध्येच बारीक, मध्येच फुगीर, पुन्हा बारीक.

"चिंचेचा आकडा," बाबा म्हणाले.

"अगदी तसाच," त्या म्हणाल्या. "आम्ही पुस्तकात मण्यांची माळ म्हणतो. तुमचा आकडा जास्त बरोबर आहे."

माझी मात्र पंचाईत झाली. घरातला प्रत्येक छापील कागद आजवर माझ्याकडे यायचा. विजेचं बिल, सातबारा, लग्नपत्रिकेचा मजकूर. मी शिकलेली. आणि आता माझ्याच डोक्याचा रिपोर्ट माझ्या हातात होता आणि त्यातलं एकही वाक्य मला लागत नव्हतं. मी डॉक्टरबाईंना तसं सांगितलं. त्यांना घाई असावी, बाहेर माणसं बसली होती. तरी त्या पुन्हा खुर्ची ओढून बसल्या. त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

"आपण नसेला पाइप समजतो," त्या म्हणाल्या. "पण नस जिवंत असते. तिच्या भिंतीत स्नायू असतो, तो आवळतो आणि सैल होतो." त्यांनी मूठ मिटून उघडून दाखवली. "कधीकधी हा स्नायू बिथरतो. जागोजागी आवळून बसतो. अशा वेळी एका क्षणात डोकं फुटल्यासारखं दुखतं, आणि तसं पुन्हा पुन्हा, दोन-तीन आठवडे होत राहतं. बाळंतपणानंतर काही बायकांना हे होतं. त्यात नसा आवळणारी गोळी पडली तर आणखी भर. मग जोर केला, जोरात हसलं, चिडलं, डोक्यावर पाणी घेतलं, एवढंही कळ यायला पुरतं."

"धोका किती?" नवऱ्याने विचारलं.

"बहुतेक बायकांच्या नसा काही आठवड्यांत आपोआप सैल होतात. पण तोवर कुठे रक्त कमी पडलं तर झटका येऊ शकतो. रक्तस्रावही होऊ शकतो. तुमच्या मिसेसना अर्धं दिसलं ती धोक्याची खूण होती. आता औषध सुरू करू. बाकी काम नसांनी करायचं आहे. तीन महिन्यांनी पुन्हा चित्र काढू. ते स्वच्छ आलं तर माझं निदान बरोबर. नाही आलं तर वेगळा विचार करावा लागेल."

म्हणजे आमच्या हातात तीन महिने होते आणि त्याच्या शेवटी एक चित्र. माझ्या मनात एकच गोष्ट होती. बाळाचा पूर्ण चेहरा मला दिसत राहील की नाही.

घरी आल्यावर बाबांनी आईला सगळं समजावलं. मी आतल्या खोलीतून ऐकत होते.

"विहिरीत पाणी आहे," बाबा म्हणत होते, "मोटर चालू आहे, पण केळीपर्यंत पाणी पोचत नाही. का? पाइप आवळलाय."

"कोणी आवळला?"

"कोणी नाही. आपोआप."

"पाइप आपोआप आवळत नाही," आई म्हणाली. "कोणीतरी पाय दिल्याशिवाय नाही आवळत."

बाबा म्हणाले, "थोडा मी दिला. गोळ्या मी आणत होतो."

त्या दिवसापासून बंब पेटला नाही. आईने तो विहिरीपलीकडच्या पडवीत नेऊन उपडा घातला. शेगडीतली राख चाफ्याच्या बुंध्याशी ओतली. माझ्या डोक्याला बांधायची पट्टी तिने बाळाच्या दुपट्याला ठिगळ म्हणून लावून टाकली. पण माझ्या अंगाला ती हात लावेना. बाळाला घेऊन यायची, पाजायला द्यायची, घेऊन जायची. अंग पुसायचं काम तिने रजा काढून राहिलेल्या माझ्या नवऱ्यावर सोडलं. तो बिचारा कारखान्यातल्या सवयीने मला यंत्रासारखं पुसायचा.

चारेक दिवसांनी मावशी आली. तिला बारशानंतर कुणी बोलावलं नव्हतं. ती दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय गो, तुजी आय बोलते का माज्या पान्यानं तुजं डोकं गेलं?"

"नाही गं मावशी. डोक्यातल्या नसा आवळल्या होत्या. अचानक डोक्यावर गरम पाणी पडलं की त्या आणखी आवळायच्या."

"मंग न्हायचं नाय? कंदीच नाय?"

"सध्या डोक्यावरून नाही. कोमट पाण्याने नुसतं पुसायचं."

"कोमट!" मावशीला जणू शिवी दिली होती. मग ती आत येऊन माझ्या पायाशी फतकल मारून बसली आणि टोपलीतून तेलाची बाटली काढली. "पाय तरी डॉक्टरनी ठेवलेत ना? का तेपन आवळलेत?"

मी हसले, आणि हसताच घाबरून डोकं धरलं. काही झालं नाही. पण आतल्या खोलीतून आई धावत आली. "मावशे, हसवू नकोस तिला! कितीदा सांगायचं?" हे त्या दिवशी ती पहिल्यांदाच सांगत होती. मावशी म्हणाली, "मंग तू रडव." आणि आई खरंच रडायला लागली. उभ्या उभ्या, पदर तोंडाला न लावता. मावशीने तिला हाताला धरून खाली बसवलं, तिच्या तळहातावर तेल ओतलं आणि माझा दुसरा पाय तिच्यापुढे सरकवला. "हा तुजा," म्हणाली. "नुसती रडू नको, हात चालव."

अशी आई परत माझ्याजवळ आली.

त्यानंतरचे आठवडे मी एखाद्या राणीसारखे आणि एखाद्या कैद्यासारखे काढले. जोर करायला लागू नये म्हणून रोज पपई आणि रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका. बाळाला उचलायचं नाही, ते उचलून मिळणार. घरात मोठ्याने बोलायचं नाही. भाऊबंदांशी बांधाचा जुना वाद होता. काका त्यावर बोलायला आले तर आईने त्यांना ओटीवरूनच वळवलं. "तीन महिने आमचा बांध तुमचा," ती म्हणाली. "नंतर भांडू." काका इतके चकित झाले की पुढेही भांडले नाहीत. शिंक आली तरी आई माझ्याकडे बघायची. बाबांनी घरातली प्रत्येक गोळी गोळा करून डॉक्टरांना नेऊन दाखवली, अगदी गुरांच्या जंतांचीसुद्धा.

सुरुवातीला आणखी दोनदा कळ आली, पण आधीपेक्षा हलकी. मग आली नाही. तरी भीती गेली नाही. मी रोज सकाळी डोळे उघडून आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघायचे, दोन्ही कडा दिसतात का ते. मग बाळाकडे बघायचे. डावा गाल, उजवा गाल. बाळाला अजून नाव नव्हतं. सगळे तिला बाळी म्हणत. नाव ठेवू या असं मी म्हटलं की आई म्हणायची, "चित्र येऊ दे."

तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा मुंबईला गेलो. या वेळी आई आली. हॉस्पिटलच्या पायरीवर तिने आधी हात लावून नमस्कार केला. चित्र निघालं. डॉक्टरबाईंनी दोन्ही चित्रं काचेवर शेजारी शेजारी लावली, जुनं आणि नवं. काही सांगायच्या आत आई पुढे झाली आणि नाक काचेला लागेल इतक्या जवळून बघू लागली. जुन्यात चिंचेचे आकडे. नव्यात फांद्या, सरळ, टोकापर्यंत.

"सैल झाल्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सगळ्या. आता हिला काही नाही. पण सर्दीची गोळी विचारल्याशिवाय कधीच नको."

नवऱ्याने हात जोडले. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आई मात्र चित्रापासून हलली नाही.

"डॉक्टरीणबाई, एक विचारू? माझी सासू याच पाण्याने न्हाली. मी न्हाले. गावातल्या सगळ्या न्हाल्या. मग हिलाच का?"

"ते मलाही माहीत नाही, आई."

आईने वळून त्यांच्याकडे बघितलं. कुठल्या डॉक्टरने असं म्हटलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं.

"पाणी वाईट नव्हतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हिच्या नसांना त्या दिवसांत ते सोसलं नाही, एवढंच. आणि तुम्ही वेळेवर घेऊन आलात."

"मी नाही आणलं," आई म्हणाली. "हिच्या बापाने आणलं. मी बारसं करत बसले होते."

डॉक्टरबाईंनी आईच्या खांद्यावर हात ठेवला. आईने तो हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बाहेरच्या माणसांनी दारातून डोकावून बघितलं.

नंतर आम्ही हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसलो. बाहेरचं न खाणाऱ्या आईने स्वतःहून इडली मागवली. शेजारच्या टेबलावर एक बाई बसली होती, तिच्याजवळ पोटुशी मुलगी, आठवा-नववा असेल. मुलगी सारखी नाक पुसत होती. आई आधी नुसती बघत होती. मग तिला राहवलं नाही.

"सर्दी झाली का हो?" तिने त्या बाईला विचारलं. "गोळी देताय? डॉक्टरला विचारून देताय ना? आणि बाळंतपणानंतर एकदम, एका क्षणात डोकं फुटल्यासारखं दुखलं तर वारं म्हणून बसू नका. स्कॅनमध्ये काही नाही निघालं तरी बसू नका. माझ्या मुलीला झालं होतं."

त्या बाईने चमचा खाली ठेवला. "अगं बाई. मग बरी झाली का?"

आईने वळून माझ्याकडे बघितलं. मी समोरच होते, मांडीवर बाळ घेऊन. तरी तिने नीट, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत बघितलं.

"हो," ती म्हणाली. "आत्ताच बघून आलो." आणि इडलीची बशी माझ्याकडे सरकवली. "खा बाय, गार होतेय."